दारव्ह्याची गाडी

बाळंतीण नातीच्या धुवायला टाकलेल्या ब्लाउजला दुधाचा आंबूस वास येत होता. तो नाकात शिरला आणि मी यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर जाऊन उभी राहिले.

साठ-बासष्टची गोष्ट असेल. मी तिथल्या टेलिफोन एक्सचेंजात कामाला होते आणि राहायला दारव्ह्याच्या वाटेवरल्या बोरी अरबला, सासरी. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून घरात माझाच पगार. मुलगा तान्हा होता आणि वरचं दूध तोंडात धरत नव्हता. त्या संध्याकाळी बाजाराच्या गर्दीनं दारव्ह्याची गाडी खचाखच भरली होती. माझी छाती ठणकत होती, दूध पाझरून पदर चिकट झाला होता.

"दादा, उभ्यानं येते. लेकरू उपाशी आहे माझं," मी कंडक्टरला हात जोडले.

"पाय ठेवाले जागा नाही बाई, कुठं घेऊ तुमाले?"

गाडी सुटली. मी धुरळ्यात तिच्यामागं रडत धावले. दुसरी गाडी अंधार पडल्यावर मिळाली.

घरी ओसरीवर शेजारची सक्कू बसली होती. एका मांडीवर तिची मुलगी, छातीशी माझा मुलगा.

"लई रडला वं, मंग सक्कूनं पाजलं," सासूबाई म्हणाल्या.

मी त्याला घाईनं छातीशी लावलं. त्याचं पोट भरलं होतं. त्यानं तोंड फिरवलं. भिंतीकडं वळून मी वाटीत दूध पिळत राहिले, हुंदके आवरेनात.

"उद्या जाय तू कामावर," सक्कू मागून म्हणाली. "मी आहो नं इथं."

तेव्हा ते शब्द मला झोंबले. माझी नोकरी टिकली, ती त्याच शब्दांवर.