बंद पडलेल्या स्पर्धेचे पाच टॉवेल

जपानमधल्या एका बंद पडलेल्या गोल्फ स्पर्धेचा इतिहास मला तोंडपाठ आहे. आमच्या तालुक्याचा विचाराल तर सांगता येणार नाही. नांदेडकडच्या गावात आठवीत शाळा सोडली. हा इतिहास मी हैदराबादेत, खांद्यावर दुसऱ्याची बॅग घेऊन शिकलो आणि त्यावर माझी नोकरी टिकून आहे.

मी कॅडी. खेळणाऱ्याच्या काठ्यांची बॅग वाहायची, झुडपातला चेंडू शोधायचा, काठीला लागलेली माती पुसायची. पुसायला माझ्याकडे बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा असे. रविवारी सकाळी येणाऱ्या जपानी साहेबांनी तो पाहिला. हे निवृत्तीनंतर इकडच्या एका कारखान्यात सल्ला द्यायला आलेले. हिंदी ड्रायव्हरकडून शिकलेले, त्यामुळे 'हौ' आणि 'नक्को' फार छान म्हणत. पुढच्या रविवारी त्यांनी मला दोन्ही हातांनी एक टॉवेल दिला. पांढरा, जाड, कोपऱ्यात निळं देवदाराचं झाड, खाली जपानी अक्षरं.

असल्या टॉवेलने माती पुसायची? बायकोने तो पेटीत ठेवला. महिनाभराने साहेबांना माझ्या हातात पुन्हा साडीचाच तुकडा दिसला आणि त्यांचा चेहरा पडला. टॉवेल मला आवडला नाही असं त्यांनी धरलं. जपानला जाऊन आले ते दुसरा घेऊन. तोही पेटीत गेला. मग तिसरा. असे पाच झाले.

"साहेबांना सांगा," बायको म्हणाली, "आमच्या चिक्कडपल्लीच्या खोलीत माणसं दोन आहेत."

प्रत्येक टॉवेल त्या स्पर्धेच्या एकेका वर्षाचा होता आणि त्याबरोबर त्या वर्षाची गोष्ट मिळे. पहिल्या वर्षी टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीने थाटात स्पर्धा भरवली. दुसऱ्या वर्षी इतका पाऊस झाला की चार दिवसांची स्पर्धा दोन दिवसांत आटोपली. तिसऱ्या वर्षी टीव्ही खपेनासे झाले, म्हणून टॉवेलवर शेजारी एक नूडलवाली कंपनी आली. चौथ्या वर्षी टीव्ही गेला, नुसते नूडल उरले. पाचवं वर्ष शेवटचं, पण ते शेवटचं आहे हे कुणी सांगितलंच नाही. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात स्पर्धा दिसली नाही, एवढंच.

"ग्राउंड वही, झाड वही," साहेब म्हणाले. "सिरफ नाम बदला."

हे मला लगेच कळलं. इथल्या एकाच मैदानावर मीही तीन ठेकेदारांचे शर्ट घातले होते.

साहेब त्या टीव्ही कंपनीत कारकून होते. पाचही वर्षं त्यांचं काम एकच: 'शांत राहा' असं लिहिलेली पाटी धरून प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं. खेळाकडे पाठ. टीव्ही कंपनी स्पर्धेतून गेली, तरी सवयीचा माणूस म्हणून नूडलवाल्यांनी त्यांनाच बोलावलं.

"जीता कौन, साब?"

"मालूम नक्को. ताली सुना."

मग चौथा ठेकेदार आला, त्याच्याबरोबर नवा सुपरवायझर. "दसवीं का कागज लाओ," तो म्हणाला. "नहीं तो अगले महीने से घर पे आराम करो."

त्याच आठवड्यात सुपरवायझरची वास्तुशांत होती. बायकोने पेटीतला शेवटच्या वर्षाचा टॉवेल आहेराला काढला. आपल्याकडे आहेराच्या टॉवेल-टोपीची घडी कोण मोडतं? तशीच पुढच्या लग्नात जाते. त्याच भरवशावर दिला. पण इकडे टॉवेल खांद्यावर मिरवायची वस्तू. रविवारी सुपरवायझर तो खांद्यावर टाकून मैदानात हजर, आणि समोरून जपानी साहेब.

साहेब थांबले. टॉवेलकडे पाहिलं. आणि सुपरवायझरला कमरेतून वाकून नमस्कार केला. तो इतका दचकला की आपल्यामागे कोण उभं आहे ते वळून पाहू लागला.

"तुम दिया?" पुढे गेल्यावर साहेबांनी मला विचारलं.

मी सगळं ओकलो. आठवी, कागद, टॉवेल-टोपीचा आहेर, पेटी.

"कोई यूज नक्को करता?"

"नक्को, साब. घडी नहीं तोड़ते."

"जापान में भी. मेरा घर में दो डब्बा है." दूरवर सुपरवायझर मान पुसत होता. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "ये पहला आदमी."

मग म्हणाले, "टोपी नक्को दिया?"

पुढच्या रविवारी त्यांनी त्या स्पर्धेची टोपी आणली, दोन्ही हातांनी सुपरवायझरला दिली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ये आदमी को पूरा टूर्नामेंट मालूम."

सुपरवायझरने टोपी घातली. दुपारी यादीत माझ्या नावापुढे, शिक्षणाच्या रकान्यात, त्याने लिहिलं: जपान टूर्नामेंट.

"लिखा है मैं," तो म्हणाला. "बड़े साब लोगां पूछे तो बोलना आना."

तेव्हापासून चालता चालता साहेब माझी परीक्षा घेतात.

"बारिश?"

"दूसरा साल, साब."

"नूडल?"

"तीसरे से."

साहेब मान डोलावतात. दहावीच्या परीक्षेला मी बसलो असतो तर इतका घाबरलो नसतो आणि इतकं प्रेमाने कुणी विचारलंही नसतं.

गेल्या आठवड्यात कळलं, पाचवा ठेकेदार येतोय. बायकोने पेटी उघडली. चार टॉवेल उरलेत.

"पावसाचं वर्ष नको देऊस," मी म्हणालो. "नुसत्या नूडलचं दे."

तिने तो वर काढला, घडी सारखी केली.

"आणि टोपी?"

"साहेबांना विचारतो."