भरून आलेल्या मांड्यांची उडी

भूकंपानंतरच्या चार-सहा वर्षांत लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या आणि त्याची कुऱ्हाड पडली आमच्या मैदानावर. मी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात होते. आधी रोज दोन तास सराव चालायचा. पोरी शिकवणीला पळू लागल्या तसा तो पाऊण तासावर आला. आमच्या खेळाच्या सरांनी त्यावर अफलातून तोडगा काढला. आधी दोनशे उठाबशा, मग दम न घेता जाळ्यापाशी तीस उड्या. थकल्या पायांनी उडी मारली की ताकद दुप्पट होते, असं ते छातीठोकपणे सांगायचे. कुठं वाचलं होतं, देव जाणे.

माझी उंची बेताची, म्हणून माझ्याकडं उड्या मोजायचं काम. त्यामुळं मला इतरांपेक्षा जास्त दिसायचं. पहिल्या दहा उड्यांना पोरी मांजरासारख्या उतरायच्या, गुडघे वाकवून, आवाज न करता. विसाव्या उडीपर्यंत मांड्या भरून यायच्या. हात तरीही जाळ्याच्या वर जायचा, पण खाली येताना पाय ताठ, गुडघे आत वळलेले आणि जमिनीवर धप्प. सर फक्त हात बघायचे. खाली बघायला काय मान दुखत होती त्यांची?

संघात सगळ्यात उंच होती ती किल्लारीकडची. गावातलं घर पडल्यावर मामाकडं शिकायला आलेली. राज्य पातळीवर खेळलं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळायचे, आणि त्या गुणांवर डी.एड.ला नंबर लागावा एवढंच तिला हवं होतं. निवड चाचणी आठवड्यावर आली होती.

त्या दिवशी चोविसाव्या उडीनंतर ती म्हणाली, "सर, मांड्या लई भरून आल्यात. जरा बसू का?"

"पाय न्हाई थकत, मन थकतंय," सर म्हणाले. "अजून सहा."

मी मोठ्यानं पंचवीस म्हटलं. ती उडाली, चांगली उंच उडाली, आणि एकाच पायावर उतरली. गुडघा आत गेला. त्याचा आवाज मला जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

"मुरगळलं असंल, चोळा," सर म्हणाले. आम्ही शहाण्यांनी चोळलं. दुसऱ्या दिवशी हाडवैद्यानं चोळलं. महिन्याभरानं सूज उतरली, पण पळायला गेली की गुडघा निसटायचा. निवड चाचणी तिच्याशिवाय उरकली.

निरोप समारंभात सरांनी भाषण ठोकलं. नुसती उंची असून भागत नाही, जिद्द लागते, नाहीतर ऐन वेळी पाय मुरगळतो, म्हणाले. ती माझ्या शेजारीच बसली होती, एक पाय लांब करून, कारण तो पुरता वाकत नव्हता. पोरं हसली, टाळ्या पडल्या. सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्या टाळ्यांत माझेही दोन हात होते, आणि ती माझ्या हातांकडंच बघत होती.