रविवारचा मेंटेनन्स

मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडायच्या आधी तिच्याकडं बघायचं, हे माझं काम. पंधरा वर्षांत ते इतकं अंगात भिनलंय की घरातला पंखा जरा कुरकुरला तरी मी ताटावरून उठून स्टूल आणतो. बायको म्हणते, एवढी काळजी माझ्या गुडघ्यांची घेतली असती तर बरं झालं असतं.

सांगायचंय ते तिच्या लॅपटॉपचं. लग्नाआधी ती डिझाइनचं काम करायची. मग लग्न, मग मुलगी. त्यात आमचं गाव आडबाजूला, शिरूर तालुक्याच्या पार टोकाला. भीमा ओलांडली की दौंड तालुका. काम सुटलं ते सहा वर्षं सुटलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण कॉलेजातला लॅपटॉप तिनं मला कधी विकू दिला नाही. गेल्या वर्षी साचे बनवणाऱ्या एका टूलरूमनं तिला घरून ड्रॉइंग करायचं काम दिलं. तीन महिने बघू, जमलं तर कायम, अशी बोली. ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी तिनं कपाटातली जुनी मोजपट्टी काढून पुसून टेबलावर ठेवली. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतात, मोजपट्टीचा काही उपयोग नव्हता. तरी ती तिथंच राहिली.

लॅपटॉप मात्र म्हातारा झाला होता. दौंड तिचं माहेर. तिथं बाजारात एका जिन्याखाली मामांचं दुकान आहे. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता लॅपटॉप. हत्यारं बदलली, माणूस तोच. सगळा बाजार त्यांना मामा म्हणतो. त्यांनी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी नवी डिस्क, बसवली. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा ते बायकोला काहीतरी समजावत होते आणि मी बाहेर उसाचा रस पीत होतो.

घरी येताना ती गाडीवर मागून म्हणाली, "मामा म्हनत व्हते, डिस्कचा चौथा हिस्सा मोकळा ठेवायचा. आन् डीफ्रॅग करायचं न्हाई."

"मेंटेनन्स तू मला शिकवू नको," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो होतो हे मला पक्कं आठवतं, म्हणूनच इथं लिहून ठेवतोय.

लॅपटॉप पळायला लागला. बटण दाबलं की हजर. मला त्याचं इतकं कौतुक, की घरी कुणी पाव्हणा आला की मी आमच्या लग्नाच्या व्हिडिओचं फोल्डर डिस्कवरच कॉपी करून दाखवायचो, मोबाइलवर सेकंद मोजत. पाव्हणा "आयला!" म्हणायचा. ती कॉपी पुसायचं माझ्या लक्षात राहायचं नाही. आणि दर रविवारी, आंघोळ करून, मी डीफ्रॅग चालवायचो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एकेका फायलीचे तुकडे विखुरतात. ते उचलून ओळीनं लावले की डिस्क हलकी होते. कंपनीत आम्ही हे वर्षानुवर्षं केलेलं. नवा विंडोज मला ते करू देईना, म्हणून मी पेनड्राइव्हवरून जुनं सॉफ्टवेअर आणून बसवलं. वर विंडोज आपणहून जी साफसफाई करतो ती बंद केली. माझ्या हद्दीत दुसऱ्यानं हात घातलेला मला खपत नाही.

तिसरा महिना संपत आला आणि लॅपटॉप रडकुंडीला आला. शेवटच्या मोठ्या ड्रॉइंगचं काम चालू होतं, सोमवारी सकाळी ते पाठवायचं, आणि त्यावरच कायमचं ठरणार. साठवायचं बटण दाबलं की पडदा गोठायचा. शनिवारी दुपारी तो तिसऱ्यांदा गोठला तेव्हा ती उठून मोरीत गेली आणि खूप वेळ तोंड धूत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही तडक दौंडला निघालो. गळिताचा हंगाम, रस्त्यात पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं आम्ही. ती लॅपटॉप शालीत गुंडाळून मांडीवर धरून बसली होती.

मामांनी आधी विचारलं, "ड्रॉइंगची कॉपी हाय का दुसरीकडं?"

"रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेते, मामा." हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला. डिस्क काठोकाठ भरलेली. आमचं लग्न त्या डिस्कवर अकरा वेळा लागलं होतं. मग त्यांना ते डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर दिसलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"पोरी, तवा येवढं बजावून सांगितलं व्हतं की तुला."

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "चुकलंच, मामा. माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माहेरच्या बाजारात नवऱ्याची शोभा होऊ नये म्हणून तिनं सहज ते अंगावर घेतलं, आणि तेही तिचं सगळं पणाला लागलेलं असताना. लाज काय असते ते मला त्या जिन्याखाली कळलं.

"मामा, तिनं सांगितलं व्हतं," मी म्हणालो. "मीच ऐकलं न्हाई. दर रविवारी मीच चालवायचो ते."

मामांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता चांगली हजेरी घेतात.

"पाव्हणं, तुमच्या घरी मेंढरं व्हती ना?"

"आज्याच्या काळी."

"आजा मेंढरं रोज एकाच रानात बसवायचा का?"

"न्हाई. आज ह्या रानात, उद्या त्या. एक रान मोकळं ठेवूनच."

"मग! ह्या डिस्कचं बी तसंच हाय. ती आपली आपण जागा बदलत लिहिती, म्हंजी एकच जागा झिजत न्हाई. त्याला मोकळं रान लागतं. तुम्ही रान ठेवलं न्हाई, आन् वर दर रविवारी समदी मेंढरं उठवून ओळीनं बसवताय. कशापायी? हिला सुई न्हाई, चाक न्हाई. ओळ असली काय, नसली काय, हिला सारखंच."

आमच्या चार पिढ्या मेंढरांमागं गेल्या, आणि हे मला टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेल्या माणसानं सांगावं! पण काय सांगितलं त्यांनी! पंधरा वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये मला इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

त्यांनी दहा लग्नं पुसली, एक ठेवलं. मी भरून ठेवलेले सिनेमे गेले. माझं सॉफ्टवेअर गेलं. मी बंद केलेली साफसफाई त्यांनी पुन्हा चालू केली. ती डिस्कला कळवते की या या जागा आता रिकाम्या झाल्या. मग लॅपटॉप चार्जरला लावून ते म्हणाले, "आता अर्धा-पाऊण तास नुसता चालू ठिवायचा. हात लावायचा न्हाई. डिस्क आपलं घर आपण आवरून घेती."

तो पाऊण तास मला फार जड गेला. मी दोनदा हात पुढं केला आणि दोनदा बायकोनं तो बाजूला सारला. मग तिनं ड्रॉइंग उघडून साठवलं. पडदा गोठला नाही. तिनं पुन्हा एकदा साठवून पाहिलं, आणि हसली.

सोमवारी नऊच्या आत ड्रॉइंग गेलं. त्याच आठवड्यात काम कायम झाल्याचा फोन आला. फोनवर ती फक्त "हो सर, हो सर" म्हणत होती आणि दुसऱ्या हातानं ती मोजपट्टी घट्ट धरून उभी होती.

पुढच्या रविवारी आंघोळ करून मी सवयीनं तिच्या टेबलापाशी गेलो. लॅपटॉप चालू होता, ती पोहे करत होती. मी खुर्चीत बसलो आणि हात मांडीखाली दाबून ठेवले.

"आज मेंटेनन्स न्हाई व्हय?" तिनं आतून विचारलं.

"चालू हाय," मी म्हणालो.