साडभाऊंची पावडर आणि बाईंचा पहिला अंक

माणसाने दुकानातून विकत आणावी अशी वस्तू जगात एकच, ती म्हणजे मीठ. बाकी सगळं घरी बनतं आणि घरी बनवलेलं दुकानातल्यापेक्षा सरसच असतं, अशी ज्याची मनापासून खात्री आहे असा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर, आणि जन्मभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल दिली, नारळ दिला आणि गळ्यातली शिट्टी परत मागायची मात्र विसरली. ती शिट्टी अजून तिथेच आहे. गाय गोठ्यात शिरत नसली की शिट्टी, नळ आला की शिट्टी, पाहुण्यांनी पानावर बसावं म्हणून शिट्टी. कुकरची शिट्टी आणि साडभाऊंची शिट्टी यांत गल्लत होऊन त्या घरात वरण कितीदा तरी कच्चं उतरलं आहे.

घरी वस्तू बनवण्याचा नाद पुष्कळांना असतो. साडभाऊंची गोष्ट वेगळी अशी, की त्यांचा हात सढळ आहे. कृतीत चमचाभर लिहिलं असेल तर ते वाटीभर घेतात. 'लिहिणारा कंजूस असन' एवढं एकच स्पष्टीकरण ते देतात आणि ढवळायला लागतात. एकदा त्यांनी बाभळीची साल, मीठ आणि लवंगा कुटून दंतमंजन केलं. पहिला मान पाहुण्याचा म्हणून मला दिलं. दात स्वच्छ झाले असतील, मी नाकारत नाही, पण संध्याकाळपर्यंत मला जीभ आहे की नाही ते कळत नव्हतं. दुपारी मेहुणीने केलेला झणझणीत रस्सा मी दूधभात खावा तसा शांतपणे खाल्ला, आणि सगळ्या घराने माझ्या धैर्याचं कौतुक केलं. दुसऱ्या खेपेला डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. डास गेले हे खरं, पण त्यांच्या मागोमाग शेजारचं कुटुंबही मुलाबाळांसह मामाच्या गावी गेलं. यावर साडभाऊंचं म्हणणं, "हात आखडून माणूस मोठा नाई होत, भाऊ."

आता बाईंबद्दल सांगायला हवं. बाई म्हणजे माझी मोठी मेहुणी, साडभाऊंची बायको. शांत, हसऱ्या आणि नाटकाच्या वेड्या. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावाचा सणच तो. दिवसभर जत्रा आणि रात्री मांडवात नाटक. त्या दिवशी लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे व्याही, सगळे न बोलावता येतात, जेवतात आणि नाटकाला जातात. घरी आलेल्या पाहुण्याला पत्रावळीवर वाढायचं नाही, पत्रावळी लग्नाला, हा बाईंच्या सासूचा नियम होता आणि सासू गेल्यावरही तो घरात राहिला. म्हणजे पाहुणा तितकी ताटं, त्याच्या तिप्पट वाट्या. पुरुषमंडळी पान खाऊन मांडवाकडे निघत, यजमान म्हणून साडभाऊंना त्यांच्याबरोबर पुढच्या रांगेत बसावं लागे आणि बाई मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाशी बसत. ढीग संपवून, साडी बदलून त्या मांडवात पोचत तेव्हा दुसरा अंक लागलेला असे.

लग्न होऊन आल्यापासून बाईंनी एकाही नाटकाचा पहिला अंक पाहिलेला नव्हता. सगळ्या नाटकांचे शेवट त्यांना पाठ, सुरुवात एकाचीही ठाऊक नाही. "त्यानं शेवटी तिचे पाय धरले, ते म्या पाह्यलं," त्या मला एकदा म्हणाल्या, "पण तिले सोडून गेलता काऊन, ते मले आजवरी समजलं नाई." मग भांडी घासता घासता त्या सुरुवाती स्वतःच रचत. बायकोने मला यातल्या दोनचार ऐकवल्या आहेत, आणि त्या ऐकून मला असं वाटलं की आमच्या नाटककारांनीही एखाद्या वर्षी बाईंच्या अंगणात येऊन बसायला हरकत नाही.

अशा घरात मागच्या वर्षी भांडी धुवायचं मशीन आलं. त्यांची मुलगी नागपूरला नर्स आहे. तिची बदली झाली, नव्या खोलीत मशीन मावेना, म्हणून तिने ते टेम्पोत घालून आईकडे पाठवलं. सोबत पावडरीचं पाकीट होतं आणि निरोप होता, "आईले म्हणावं, यंदा पहिला अंक पाह्य." साडभाऊ हरखले. त्यांनी मशीनला हार घातला आणि गावाला बोलावलं. जो येईल त्याला प्रयोग दाखवायचा, शिट्टी मारून मशीन सुरू, शिट्टी मारून बंद. भांडी संपली तर धुतलेलीच पुन्हा धुवायची. भजन मंडळाच्या टाळांनाही त्यांनी एक फेरी मारून आणली. परिणाम असा झाला की मंडईला चांगला महिना बाकी असताना पावडरीचं पाकीट रिकामं झालं.

मी चंद्रपुरात राहतो. फोनवर मी लगेच म्हणालो, "भाऊजी, इथे मिळते ती पावडर. येताना घेऊन येतो."

 पलीकडून गंभीर आवाज आला. "जे घरी बनते ते विकत काऊन आणावं, भाऊ? आपल्याकडं राख आहे, रिठे आहेत, लिंबाचं झाड आहे. इथीच बनवतो मी. तुमी पाहा फक्त."

आम्ही पाहिलं, म्हणजे फोनवरून ऐकलं. पहिला मान रिठ्यांचा होता. साडभाऊंनी पिशवीभर रिठे भिजवले, उकळले, कुस्करले आणि तो काढा गडवाभर मशीनमध्ये ओतला. आता हाताने भांडी घासताना फेस झाला तर माणसाला बरं वाटतं, बंद पेटीत तो होऊन चालत नाही. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून फेस डोकावला, खाली उतरला, स्वयंपाकघर ओलांडून ओसरीवर आला. एक कोंबडी त्यात शिरली आणि पांढरी शाल पांघरून बाहेर पडली. बाई दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "मशीन ओकून राह्यली काय जी?" साडभाऊंनी शिट्टी मारली, पण फेस काही थांबला नाही.

मग मोहाच्या लाकडाची राख आली. राखेचं पाणी निवळून घ्यायचं ही कल्पना चांगली होती, प्रमाण साडभाऊंचं होतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जर्मन म्हणतात. बाईंच्या माहेरचा जर्मनचा गंज, ज्यात त्यांच्या आईने जन्मभर भात रांधला, तो आत पांढरा गेला आणि तव्यासारखा काळा होऊन बाहेर आला.  गंज बाईंनी चिंचेने घासून घासून थोडा उजळवला आणि फळीवर मागे ठेवून दिला. साडभाऊ अंगणात बसून राहिले. गळ्यातली शिट्टी त्यांनी खिशात घातली होती, असं बायकोला नंतर कळलं.

तरी ते थांबले नाहीत. धुण्याचा सोडा, मीठ आणि लिंबूसत्व यांची पावडर झकास होते, असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी तिन्ही एकत्र कुटून भरणीत दाबून भरलं. हवा दमट होती. भरणी आधी फुसफुसली, मग फुगली आणि शेवटी आतलं सगळं असं घट्ट झालं की वरवंट्यानेही फुटेना. ती भरणी अजून घरात आहे, मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला लावून ठेवतात.

मंडई आठवड्यावर आली तेव्हा पुन्हा फोन वाजला. "जयभीम भाऊ," साडभाऊंचा आवाज पडलेला होता. "मले वाटते, चमचा लिहिला असन तं चमचाच घ्या लागते."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण इतकी मोठी माघार घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नवी कृती अशी की सोडा आणि मीठ एका डब्यात, लिंबूसत्व दुसऱ्या, टाकायच्या वेळी चमच्याने, तेही सपाट चमच्याने मोजून, आणि शेवटच्या पाण्यात लिंबाचा गाळलेला रस. चार ग्लास त्यांनी असे धुतले आणि त्यातल्या एकातून त्यांना अंगणातली गाय स्पष्ट दिसली. मात्र चार ग्लास वेगळे आणि मंडईची तेलकट ताटं वेगळी. तेव्हा मी येताना पिशवीत तळाशी, कपड्यांच्या घडीखाली, दुकानातल्या पावडरीचं एक पाकीट टाकलं.

मंडईच्या संध्याकाळी घर भरून गेलं. कोंबडीचा रस्सा, वडे, भात, पुन्हा रस्सा. पंगती उठल्या आणि ताटांचा ढीग कमरेइतका झाला. मी बाईंना बाजूला घेतलं आणि पिशवीतलं पाकीट दाखवलं. "भाऊजींना कळणार नाही. डब्यात ओतून ठेवा. तुमचा पहिला अंक हुकायला नको."

बाईंनी पाकिटाकडे पाहिलं, मग आत सपाट चमचा घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. "ठेवा भाऊ ते पिशवीत," त्या म्हणाल्या. "त्याईच्याच पावडरीनं धुवू. नाई निंघालं तं हातानं घासीन. अंक काय, पुढच्या साली बी लागते."

मी पाकीट मुकाट्याने घडीखाली सरकवलं. मशीन सुरू झालं. या वेळी शिट्टी वाजली नाही. साडभाऊ समोर पाटावर बसले, बाई चौकटीला टेकून उभ्या, आणि मांडवातून पेटीचे सूर आणि 'रसिक मायबापहो, स्थानापन्न व्हा' असा आवाज यायला लागला. आत पाणी गरगरत होतं. अखेर दार उघडलं, वाफ निघाली. साडभाऊंनी एक ताट उचलून दिव्याकडे धरलं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, तेव्हा स्वच्छ ताट वाजतं तसं ते करकरलं. एका वाटीला भाताचं शीत चिकटलेलं होतं, ते साडभाऊंनी हळूच नखाने काढलं आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी छताकडे पाहत होतो.

"जाय," ते बाईंना म्हणाले. "साडी बदलव अन् निंघ."

"अन् हे बाकीचे?" ढीग अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होता.

"ते माहं काम. मशीन मी चालवतो."

इतक्यात एक म्हातारे व्याही सुपारी शोधत आत आले आणि दचकले. "काऊन गुरुजी, भांडे घासून राह्यले काय?"

"घासून नाई राह्यलो, मशीन चालवून राह्यलो."

"असं होय," म्हणत व्याही समाधानाने निघून गेले. इतक्या वर्षांत हाताने भांडी घासणारा यजमान त्या घरात कोणाला चालला नसता, मशीनवर बसलेला एका क्षणात चालला. ही जुनी रीत हाच त्या मशीनने धुऊन काढलेला सर्वांत चिवट डाग असावा, असं माझं मत आहे.

बाई लेकीने पाठवलेली साडी नेसून निघाल्या. फाटकाशी थांबल्या आणि मागे वळल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत साडभाऊ पाठमोरे, चमचा डोळ्यासमोर धरून सोडा सपाट करत होते. त्या तशाच थोडा वेळ पाहत राहिल्या, मग पदर सावरून चालू लागल्या. 

पडदा वर गेला तेव्हा बाई पुढच्या रांगेत होत्या. तोंडावर पदर धरून, पापणी न हलवता त्यांनी अख्खा अंक पाहिला. साडभाऊ आले ते दुसऱ्या अंकाच्या मध्यात, बाह्या ओल्या, अंगाला लिंबाचा वास. बसता बसता विचारलं, "हा काऊन रडून राह्यला?" बाई म्हणाल्या, "चूप बसा, घरी सांगीन."

सकाळी ओसरीवर चहा घेताना त्यांनी सांगितलं. नायक गरीब, कामाला शहरात निघतो, बायको दारात उभी. "जाता जाता तो फाटकापाशी थांबला, जी," बाई सांगत होत्या, "अन् वळून तिच्याकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग गेला."

मी तोच अंक, त्याच रांगेत बसून पाहिला होता. तो नायक गाणं म्हणत तडक निघून गेला होता. त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं, रंगमंचावर फाटकही नव्हतं. मी चहाचा घोट घेतला.

साडभाऊंनी मात्र मान डोलावली. "मंग बराबर आहे. मंग रडनच तो."

पाकीट न उघडता मी चंद्रपूरला परत आणलं. शिवाय साडभाऊंनी घरच्या पावडरीचा डबा आणि मोजायला चमचा दिला आहे. आमच्याकडे मशीन नाही, ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ अडचण आहे. यंदाही मंडईला आम्ही जाणार. बाई पुढच्या रांगेत बसतील, साडभाऊ पाटावर, आणि सकाळी त्या त्यांना सुरुवात सांगतील. दोघांनी शेजारी शेजारी बसून पहिला अंक पाहणं मात्र अजून राहूनच गेलं आहे. त्यासाठी घरच्या घरी काय बनवता येईल, याचा साडभाऊ सध्या विचार करत आहेत.