शिवेवर झालेली बहीण

माझं सासर चिखलीचं. माहेर ओढ्यापलीकडचं शेजारचंच गाव. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजूनही भांडायला यायला कमी करणार नाहीत. दोन्ही गावांच्या मधून एक ओढा वाहायचा, आणि तोच दोघांची शीव होता. सासरच्या माळवदावर उभं राहिलं की माहेरची चिंच दिसायची. लग्नात बायका म्हणाल्या, "पोरगी काय, हाकंवर दिलीया." हाकेवर दिलेल्या लेकीला सासू माहेरी जाऊच देत नाही, हे मात्र कुणी बोललं नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि माझे मालक तिथे बांधकामावर जात. त्या उन्हाळ्याच्या अखेरीला चिखलीत पटकी आली. आताची पोरं कॉलरा म्हणतात. सकाळी धारा काढणारा माणूस दुपारी उलट्या-जुलाबांनी आडवा व्हायचा आणि दिवस मावळायच्या आत त्याचे डोळे खोल जायचे. आमच्या आळीत दोन घरांतली माणसं गेली तेव्हा गावानं ठरवलं, मरीआईचा गाडा काढायचा.

गाडा म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल. हातभर लांबीचा लाकडी गाडा करायचा. त्यात देवीसाठी हिरवा खण, बांगड्या, नारळ, दहीभात ठेवायचा. वाजतगाजत तो शिवेवर न्यायचा आणि मागे न बघता परतायचं. आई गाड्यात बसून गावाबाहेर जाते आणि रोगराईही घेऊन जाते. मग शेजारच्या गावानं तो गाडा पुढच्या शिवेवर ढकलायचा, त्यांनी त्याच्या पुढच्या. असा गाडा गावोगाव फिरत राहायचा. तो शेवटी कुठं जातो हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी विचारलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

"मामंजी, गाडा कुठं नेताय?"

"शिवंवर."

"कुणाच्या शिवंवर?"

सासरे पागोटं गुंडाळायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "नवी नवरी तू. गावकीत तोंड घालू नगंस."

"माझी आई ऱ्हाते तिथं," मी म्हटलं. "एकली ऱ्हाते." वडील मी लहान असतानाच गेले होते आणि भाऊ मुंबईला गिरणीत होता. पण सून बोलली म्हणून गाडा थांबतो होय! तो निघाला. आजाऱ्यांच्या अंगावरच्या वाकळा आणि लुगडीही लोकांनी त्याच्यामागं डोक्यावर घेतली, म्हणजे देवीनं एवढंसुद्धा मागे ठेवू नये. गाडा ओढ्याच्या काठाला ठेवला. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी ओढ्यात आंघोळी केल्या, वाकळा पाण्यात सोडल्या आणि ओलेत्यानं, मागे न बघता घरी आले.

ओढ्याला तेव्हा करंगळीएवढी धार होती, आणि ती माहेरच्या पाणवठ्याकडे वाहत होती. माझ्या माहेरची माणसं त्याच ओढ्याच्या वाळूत खड्डे करून, झिरे म्हणतो आम्ही त्यांना, प्यायचं पाणी भरायची. देवीला दोष देऊन उपयोग नाही. आमच्या गावची पटकी आम्हीच त्यांच्या पाण्यात धुऊन आलो होतो.

मालकांनी तोवर कारखान्याच्या बांधकामावरच्या डॉक्टरांना गावाची हकिगत सांगितली होती. त्यांनी कुठे कुठे निरोप दिला, आणि एका सकाळी शाळेपुढे जीप उभी राहिली. तिच्यातून पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर उतरले आणि त्यांच्या मागून एक गोरी नर्सबाई. एवढी उंच, की शाळेच्या दारात तिला वाकावं लागलं. उन्हानं तिच्या नाकाची साल निघाली होती, उकडलेल्या बटाट्यासारखी. ती कुठल्याशा थंड देशातली होती. त्या देशाचं नाव मला तेव्हा म्हणता येत नव्हतं आणि आता म्हणता येत असलं तरी तिचं म्हणून ते नाव घ्यायची सवय नाही. डॉक्टर सांगायचे, जीप एका देशानं दिलीय, सलाईनच्या बाटल्या दुसऱ्यानं, टोचायची लस तिसऱ्यानं, आणि बाई आल्यात चौथ्यातून. सासरे म्हणाले, "येवढ्या देशांचं आपल्या चिखलीशी काय नातं, राव?" डॉक्टर हसले. "रोगाचं नातं," म्हणाले. सासऱ्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते नातं म्हणजे सोयरीक.

नर्सबाईला मराठी शब्द येत होते ते एवढेच: पाणी, उकळा, बस, आणि कुणाकडून शिकली कोण जाणे, "गप". या चार शब्दांवर तिनं अख्खी चिखली हाकली. हाताच्या शिरेत सुई घालून, वर बाटली टांगून ती मरणाऱ्या माणसाच्या अंगात पाणी भरायची, आणि काही तासांत तो माणूस डोळे उघडून बिडी मागायचा. आमच्याकडची मरणं थांबली.

आणि त्याच वेळी ओढ्यापलीकडून एका मेंढक्यानं हाक मारली. गाव सोडून इकडे यायला त्याला बंदी होती, म्हणून पलीकडूनच ओरडला, "ताई गं! तुझी आई पडलीया! सकाळधरनं पडलीया!"

मी शाळेकडे धावले. डॉक्टर म्हणाले, "कालच गेलो होतो तुमच्या माहेरी. शिवेवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केलाय. काठ्या घेऊन माणसं उभी आहेत. चिखलीकडून येणारं काहीच आत घेणार नाही म्हणतात. उद्या पोलीस मागवतो."

उद्या! पटकी आलेल्या म्हाताऱ्या बाईला उद्या असतो का?

"पोलीस नगं," मी म्हणाले. "मला घिऊन चला. मी लेक हाय त्या गावची."

आमच्याकडे माहेरवाशिणीला शिवेवर अडवत नाहीत. वैरी गावात दिलेली लेक असली तरी तिला अडवत नाहीत. तिला अडवलं तर गावाला बट्टा लागतो, आणि पुढे कुणी त्या गावात मुलगी देत नाही. माझ्याजवळ तेवढं एकच हत्यार होतं.

घरी येऊन मी नुसती चप्पल घालायला वाकले तर सासूबाईंनी हात धरला. वाटलं, आता अडवणार. त्यांनी ट्रंकेतलं आपलं जरीकाठी लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. "अशी भिकारणीवानी जाशील तर कोण लेक म्हनंल तुला? नीट नेसून जा." मग हळूच म्हणाल्या, "तू बोलली हुतीस. आमीच ऐकलं न्हाई." सासूचं एवढं बोलणं मी जन्मभर पुरवून वापरलं आहे.

सलाईनच्या बाटल्या मी पाटीत रचल्या आणि वर धडपा झाकला, शिदोरी नेतात तशा. सासूबाईंनी नर्सबाईच्याही कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या टोपीवरून एक शालू ओढला. डॉक्टर तिला इंग्रजीतून काहीबाही समजावत होते आणि ती मान हलवत होती. जीप ओढ्याअलीकडे थांबली. पाटी डोक्यावर घेऊन मी पुढे आणि हातात पत्र्याची पेटी घेतलेली ती मागे, अशा आम्ही पाण्यात उतरलो.

पलीकडे काट्यांच्या मागे माझे चुलते काठी टेकून उभे होते. त्यांनीच मला लग्नात बोहल्यावर नेलं होतं.

"तितंच थांब!"

"तात्या, मी हाय."

"दिसतंय. तुमच्या गावानं गाडा ढकलला आमच्या पान्यात. आता काय बघायला आलीयास?"

"ढकलला. व्हय. मी नगं म्हनत हुते, पर ढकलला. शिव्या घालायच्या त्या मागनं घाला, मी ऐकीन. पर आई गेली तर म्या पुन्ना हितं पाऊल ठिवायची न्हाई, आन ऱ्हातील त्या शिव्या तुमच्याच तोंडात."

ते खाली बघायला लागले. मग काठीनं एक फांदी बाजूला सारून म्हणाले, "तू ये. माहेरवाशीण हाईस. पर ही कोन?"

मी मागे पाहिलं. नर्सबाईचा शालू घसरला होता, कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं, आणि ती मोठ्या विश्वासानं माझ्याकडे बघत होती.

"बहीण हाय माझी."

"तुला बहीण कवा झाली?"

"आत्ता. शिवंवर."

काठीवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. हसणं आवरायला गेलं तर आणखी वाढतं, तसं ते सगळ्यांत पसरलं. तेवढ्यात माझी चुलती भाकरतुकडा घेऊन आली. माझ्यावरून ओवाळला. मग नर्सबाईपुढे उभी राहिली आणि हात पुरेना. बाईंना काय कळलं कुणास ठाऊक, त्या ओढ्याच्या चिखलात सरळ गुडघ्यांवर बसल्या. चुलतीनं तुकडा ओवाळून दूर फेकला. चुलते म्हणाले, "काट्या काढा रं." रागावलेल्या माणसांच्या त्या मोठेपणाचे उपकार मी कसे सांगू? पोलिसांनी काट्या काढल्या असत्या, पण घरांची दारं त्यांना उघडता आली नसती.

आई ओळखू येत नव्हती. बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, आवाज गेलेला. नर्सबाईनं तिचा हात हातात घेतला, शीर सापडेना. ती पुटपुटत राहिली, पुन्हा शोधत राहिली. मी देव आठवायला गेले, तर मरीआईशिवाय दुसरा सुचेना. अखेर सुई बसली. आढ्याला सुतळीनं बाटली टांगली. एक संपली, दुसरी लावली. तिसरी अर्धी झाली तेव्हा आईचे ओठ हलले. मी कान लावला.

"म्हशीला पानी दावलं का?" आई म्हणाली.

मी हंबरडा फोडला. नर्सबाई घाबरून नाडी बघायला धावली. तिला कसं सांगावं, की आई आहे, पुरती आहे, म्हशीसकट आहे!

त्यानंतर जीप आत आली. गावच्या शाळेत खाटा पडल्या. बाटल्या कमी पडायला लागल्या, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात काम करणाऱ्या कुठल्याशा परक्या देशाच्या पथकानं आपल्यातला निम्मा साठा ट्रकनं पाठवून दिला. त्यांची आमची ओळख ना पाळख. आणि एका सकाळी ओढ्यापलीकडे बैलगाडी दिसली. बैलांचा कासरा माझ्या सासऱ्यांच्या हातात होता. गाडीत पाणी उकळायला जळण भरलं होतं. ते गाडीवरून उतरेनात आणि चुलते पुढे होईनात. शेवटी चुलते म्हणाले, "बैलं दमली असतील, पाव्हणं. सोडा जरा." एवढ्यावर दोन गावांचं भांडण मिटलं. सगळ्यांनी मिळून जुने झिरे बुजवले, विहिरीत औषध टाकलं. मरीआईचा गाडा कुणी पुढच्या शिवेवर नेला नाही. वाळवीनं तो तिथंच खाल्ला.

आई उठून बसायला लागली तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारायला लावलं, "हिला हितं कुनी धाडलं?"

नर्सबाईनं बराच वेळ सांगितलं. डॉक्टरांनी ते आम्हाला सांगितलं. ती लहान असताना तिच्या देशात लढाई झाली, उपासमार झाली, मुलांत आजार पसरला. तेव्हा भलत्याच कुठल्या तरी देशातून दूध आणि औषध आलं. कुणी पाठवलं ते तिच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून ती नर्स झाली.

"म्हंजी उसनवारी हाय," आई म्हणाली. "वाटीभर पीठ एकीकडनं आनायचं, आन फेडायला ती घावली न्हाई तर ज्या घरी चूल पेटली न्हाई तिथं नेऊन द्यायचं." डॉक्टरांना याचं इंग्रजी करायला घाम फुटला. पण काहीतरी पोहोचलं असावं, कारण बाईंनी आईचे सुरकुतलेले हात आपल्या गालांना लावले.

पथक निघालं त्या दिवशी आईनं तिची ओटी भरली, तांदूळ, खण, नारळ, सगळं रीतसर. माहेरवाशीण निघताना रडते, तशी ती रडली. जीपमध्ये ओटी सांडू नये म्हणून पदर कसा धरायचा तो तिला ठाऊक नव्हता. मी तिच्या झग्याचा घोळ धरून दाखवला. ती पुन्हा कधी आली नाही. पत्ता आम्ही विचारला नाही, आणि विचारला असता तरी लिहिणार कोण? मी पुढे शिकले, शाळेत शिकवायला लागले, पण तोवर शोधणार कुठे?

आई त्यानंतर पुष्कळ जगली. कुणी सोयरं-धायरं घरी आलं आणि विचारलं, "लेकी किती?" की ती सांगायची, "दोन. धाकटी चिखलीत दिलीया. थोरली लई लांब दिलीया, तिला येनं व्हत न्हाई." मी सुरुवातीला हसायचे. पुढे हसणं बंद झालं. पंचमीला ती दोन जोड बांगड्या भरून ठेवायची, आणि थोरलीच्या बांगड्या गावातल्या कुठल्याही परक्या पोरीच्या हातात घालायची. कंपन्या आल्यावर लातूर-बीडकडच्या, कोकणातल्या किती तरी पोरी आमच्याकडे भाड्यानं राहायला आल्या. त्यांपैकी पुष्कळींनी माझ्या बहिणीच्या बांगड्या घातल्या आहेत. आईचे ते सगळे दिवस मला त्या बाईनं दिले. मी रोज तिचं नाव घेते, म्हणजे "थोरली" एवढंच.

आईच्या शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ होते. आवाज पुन्हा गेला होता. मी चमच्यानं तोंडात पाणी घातलं. तिनं ते गिळलं आणि बोटानं मला जवळ बोलावलं. मी ओठांशी कान नेला.

"हे तुझं झालं," ती म्हणाली. "आता थोरलीच्या नावानं घाल."

मी दुसरा चमचा भरला.