पावणेबाराचं लाल फडकं

डिचोलीजवळच्या खाणीवर, नकाशांच्या खोलीत शंभू अठरा वर्षं काम करीत होता. लाटंबार्शाहून सायकलने येई, भिंतीकडे तोंड करून बसे आणि अशी रेघ ओढी की मूळ नकाशा कुठला न् प्रत कुठली कळू नये. कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. चार कामं एकदम तोंडी सांगितली की त्याचा हात थांबे.

आमच्या प्रमुख प्रभावतीबाईंनी हे पहिल्याच महिन्यात हेरलं. त्या एका चिठ्ठीवर एकच काम लिहीत आणि ती त्याच्या टेबलावर खनिजाच्या खड्याखाली ठेवीत. बाराला खाणीत सुरुंग उडे. तो आवाज त्याला सोसत नसे आणि कामात असताना घड्याळ दिसत नसे. म्हणून पावणेबाराला बाई त्याच्यासमोर लाल फडकं ठेवीत. तो पेन पुसून, दौत बंद करून मागच्या कोठीत जाऊन बसे.

गोवा राज्य झालं आणि बाई पणजीला सरकारी नोकरीत गेल्या. नवे प्रमुख रामचंद्र दारातूनच ओरडत, "शंभू, उत्तरेचा काढ, जुना पुस, आणि चहाआधी दे मरे!"

फडकं कुणी ठेवलं नाही. शेजारच्या टेबलावर असून मीही नाही. ते बाईंचं काम, असंच आम्ही धरून चाललो होतो. दोन दुपारी शंभूने कशाबशा काढल्या; तिसऱ्या दिवशी सुरुंग उडाला, तो दचकला आणि तपासणीला जायच्या नकाशावर दौत सांडली.

"सोमवारपासून हा जेटीवर. खनिज नेणाऱ्या बार्जी मोजील," रामचंद्र म्हणाले.

जेटीवर दिवसभर खडखडाट करीत ट्रक रिकामे होत. शंभू तिथे एक दिवस टिकला नसता.

"फडकं मी ठेवते. चिठ्ठ्याही लिहिते," मी म्हटलं.

"सुलोचनाबाय, हे ऑफिस की बालवाडी?"

"आठ दिवस द्या. नाही जमलं तर बार्जी मोजायला मला धाडा."

"मग इथे भांडायचं कुणाशी?" ते हसले, पण आठ दिवस दिले.

माझ्या पहिल्या चिठ्ठीला शंभूने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बिस्किटांच्या डब्यातून बाईंची एक जुनी चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. वर कोपऱ्यात तारीख, कामाखाली एक रेघ. मी तशी लिहू लागले. पेन चालू लागलं.

आठव्या दिवशी रामचंद्रांनी नवा नकाशा खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. "जेटी राहू दे," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर खड्याखाली चिठ्ठी होती. कोपऱ्यात तारीख, खाली रेघ. 'प्रभावतीबाई कधी येणार?'

'बघू या' असं लिहिलं आणि फाडून टाकलं. अर्धवट उत्तर त्याला छळलं असतं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'येणार नाहीत.' त्याने ते वाचलं आणि बाईंच्या चिठ्ठ्यांसोबत डब्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी फडकं घेऊन गेले. दौत आधीच बंद होती, पेन पुसलेलं होतं, आणि शंभू पहिल्यांदाच खुर्ची दाराकडे वळवून बसला होता.