खालच्या गल्लीचं पाणी

माझे वडील, अप्पा, आमच्या गावचे वॉटरमन होते. बोअरची मोटर चालू करायची आणि गल्लीगल्लीचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं, हे ग्रामपंचायतीचं काम त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. गाव भालकी तालुक्यातलं, खटकचिंचोळीपासून जवळ. ख्रिस्ती घरं आमची पाच-सहाच.

निवडून आल्यावर आमच्या मेंबरनं अप्पांना घरी बोलावलं. खालच्या गल्लीनं त्याला मत दिलं नव्हतं, म्हणून त्या गल्लीला पाणी सोडायचं नाही, असं बजावलं. त्या गल्लीत आमचं कुणी नव्हतं, ख्रिस्ती तर एकही नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी खालच्या गल्लीचाच व्हॉल्व्ह आधी उघडला. मी शेजारी घागर घेऊन उभी होते. मेंबर मोटारसायकलवरून उतरला.

"कुणाच्या जोरावर करायलास हे?"

"तुम्हाला दिसत न्हाई तो," अप्पा म्हणाले. "मला बी दिसत न्हाई."

आठवड्यात त्यांचं काम गेलं. साठीच्या वयात ते लोकांच्या रानात तूर कापायला जाऊ लागले. संध्याकाळच्या प्रार्थनेत मेंबरचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं करायचे. तेवढ्यापुरती मी उठून बाहेर जायची. त्या माणसासाठी माझ्या तोंडून आमेन निघत नव्हतं. त्याचा पाय मोडावा, त्याच्या दारात कुणी फिरकू नये, एवढंच मी देवाला सांगायची.

पुढच्या निवडणुकीत मी त्याच्या विरोधकासाठी घरोघर हिंडले. अप्पांना परत कामावर घेतो, असा शब्द त्यानं दिला होता.

"आता ह्याला हात जोडायलीस कामून?" अप्पांनी विचारलं. मेंबर पडला त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले. महिनाभरात नव्या मेंबरनं मोटरीची चावी आपल्या मेव्हण्याला दिली. काही दिवसांनी नवा आणि जुना मेंबर मला भालकीच्या स्टँडवर एकाच बाकावर चहा पिताना दिसले. घरी येऊन मी रडले. अप्पांनी माझी चूक दाखवली नाही, फक्त जेवायला वाढ म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. मुरूम एवढा कडक होता की कुदळ उसळायची. खालच्या गल्लीच्या लोकांनी येऊन कबर खणली. त्यांना बोलवावं लागलं नाही. पास्टरांची प्रार्थना झाली, माणसं माती द्यायला पुढे आली. त्यांत जुना मेंबरही होता. पांढरा शर्ट घालून तो वाकला आणि त्यानं मूठभर माती उचलली. मी त्याचं मनगट धरलं.

"ती माती सोडा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. मूठ उघडली आणि मागे सरकला. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच विचारलं, "अप्पानं त्याला माफ केलं. तू कोण अडवणारी?"

मला पश्चात्ताप झालेला नाही. कोणत्याही मेंबरच्या दारात मात्र मी पुन्हा गेले नाही. आता प्रार्थनेत त्या माणसाचं नाव मीही घेते, पण अप्पांसारखं नाही. ह्याला मी तुझ्या ताब्यात दिलंय, असं प्रभूला सांगते, आणि विसरू नकोस, एवढं वर जोडते.